हिरव्या शाईतला दोन

जळगावच्या आमच्या शाळेत शिक्षकांचा एक प्रतिनिधी संस्थेच्या बैठकांना बसायचा. माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी ती जागा रिकामी झाली. मला ती हवीच होती, कारण धुळ्याहून आलेले भूगोलाचे सरही उभे होते. दोन वर्षांत त्यांनी सारी शाळा खिशात घातली होती. माझी स्वतःची मुलगी जेवताना “आमचे सर, आमचे सर” करायची आणि माझा घास कडू व्हायचा. तिचा बाप त्याच शाळेत अठरा वर्षं गणित शिकवतोय, हे तिच्या गावीही नव्हतं.

तिसरे उमेदवार संस्कृतचे वयस्कर नाना. मुख्याध्यापकांनी विधानपरिषदेसारखी पसंतीची पद्धत लावली. नावांपुढे एक, दोन, तीन लिहायचं. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिली पसंती नसेल, तर शेवटचा बाद, आणि त्याच्या चिठ्ठ्या त्यांवरच्या दुसऱ्या पसंतीला.

एक मी अर्थात स्वतःला दिला. दोन खरं तर नानांचा. पण भूगोलाचे सर शेजारीच बसलेले. त्यांची नजर पडली तर माझा जळफळाट उघडा पडेल, म्हणून त्यांच्याच नावापुढे ऐटीत दोन काढला. बिघडतं काय? दुसरी पसंती बाद होणाऱ्याची बघतात, आणि मी थोडाच बाद होणार होतो!

चिठ्ठ्या एकवीस. सरांना आठ, नानांना सात, मला सहा.

माझ्या सहा चिठ्ठ्या मुख्याध्यापक मोठ्यांदा वाचू लागले. पाच झाल्या तेव्हा तीन नानांकडे, दोन सरांकडे गेल्या होत्या. दोघेही दहावर. सहावीवर हिरवी शाई दिसली. शाळेत हिरव्या शाईने लिहिणारा मी एकटाच.

सरांनी येऊन माझे दोन्ही हात धरले. “भाऊ, तुमनं मन मोठं शे!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाना तेवढे चष्मा पुसत बसले. मीही हसलो, दुसरं करणार काय?

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. मुलगी दारातच येऊन बिलगली. किती वर्षांनी बिलगली! “बाबा, तुमच्या मतामुळे आमचे सर निवडून आले ना?”

“हो,” मी म्हणालो, “मुद्दामच दिलं.”

तिच्या डोक्यावरून हात फिरवतानाही मला सरांचा हेवाच वाटत होता.