दांड्यावरची गाठ

समजा, तुम्ही एका नावेच्या मागच्या अंगाला फळ्यांखाली पोटावर पडला आहात. इंजिन बंद आहे. वर शीड भरलंय आणि नाव नुसत्या वाऱ्यावर चालली आहे. तुमच्या नाकासमोर एक लोखंडी दांडा आहे. इंजिनापासून निघून तो तळातल्या भोकातून बाहेर पाण्यात जातो आणि त्याच्या टोकाला पंखा बसवलेला आहे. त्या दांड्यात काहीतरी बिघडलंय आणि ते तुम्हाला शोधायचं आहे. तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक तळाच्या लाकडाला लावता, मूठ कानाशी धरता, डोळे मिटता. टक्. जरा थांबून पुन्हा टक्. कुणी पाण्यातून दार वाजवावं तसं. डोळे उघडता, तर बंद इंजिनाचा तो दांडा आपला आपण फिरतो आहे.

१९६३ च्या उन्हाळ्यात पैनगंगेच्या डोहावर भीमराज अगदी असाच पडला होता आणि भर दुपारी त्याच्या अंगावर काटा आला होता.

भीमराज पुसदच्या एका जिनिंगमध्ये फिटर. सरकीच्या धुरळ्यात उभं राहून कोणतं बेअरिंग रडतंय ते तो आवाजावरून सांगे. पण ही नाव त्याला नवीन होती. घाटाचे ठेकेदार सदाशिवराव यांनी ती कोकणातून ट्रकवर घालून आणलेली. शीडही होतं, इंजिनही होतं. पहिली दोन वर्षं ती उकंडानं चालवली. उकंडा म्हणजे भीमराजचा मेहुणा, बहीण पंचफुलाबाईचा नवरा.

मागच्या पावसाळ्यात डोहाच्या मधोमध इंजिन एकाएकी भणाणलं, पंखा थांबला आणि मागून नावेत पाणी शिरू लागलं. बायका रडायला लागल्या. उकंडानं शीड सोडलं, पाण्यात उडी घेतली. थोड्या वेळानं आत येणारं पाणी ओसरलं, वाऱ्यानं नाव काठाला लागली. उकंडा मात्र लागला नाही. ना तो, ना त्याचं प्रेत.

गावानं दोन अर्थ काढले. पाणी थांबलं ते गंगामाईनं थांबवलं. आणि उकंडा नाव बुडताना पाहून पोहत पळाला, पलीकडं त्यानं दुसरी बाई ठेवली असेल. तेव्हापासून डोहावर नाव आली की बायका ओटी सोडायच्या. खणात सुपारी, हळकुंड, बांगड्या बांधायच्या आणि पाण्यात टाकायच्या. मग तो आवाज सुरू झाला. आवाज आला की ओट्या वाढल्या, आणि ओट्या वाढल्या तसा आवाजही वाढला. आता कुणी नावेत पाय ठेवायला धजत नव्हतं.

आदल्या दिवशी पंचफुलाबाईनं भावापुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, "भाऊ, लोकं मले इचारतात, तुले रांडव म्हणाव का टाकलेली? म्या काय सांगू? काही म्हणतात, उकंडाच खालून ठोकून राह्यला."

"तुले काय वाटते, बाई?"

"मले काही वाटत नाही. लोकं आवाज कोणाचा ते सांगतात. तू कायचा ते सांग."

म्हणून भीमराज इथं पडला होता. आता नाव चालवणारा फुलसिंग वरून ओरडला, "फिटरसाहेब, जित्ते हाय ना?"

"मेलो असतो त बोललो असतो का?"

"या डोहात बोलतेत बाप्पा. थेच त बोंब हाय."

भीमराजनं घाबरत दांड्याला हात लावला. गार. ओला. हळूहळू हातात वळणारा. मग त्याचं डोकं चाललं. गिअर सोडलेला आहे, नाव पुढं जाते आहे, म्हणजे पाणीच पंख्याला फिरवतं आणि पंखा दांड्याला. डोह सोडून बाकी सगळीकडं पाणी उथळ. तिथं बांबूनं रेटत नेतात, वेग नसतो. म्हणून इंजिन बंद असताना आवाज फक्त डोहात. त्यानं दांडा दोन्ही हातांनी घट्ट आवळला. टक्‌टक् थांबली. सोडला, पुन्हा सुरू. इंजिन आणि दांडा यांच्या जोडावर हात ठेवला, तिथं ठोका लागत नव्हता. म्हणजे दोष आत नव्हता. बाहेर होता, पाण्याखाली.

जीव थोडा भांड्यात पडला. हात लुंगीला पुसून तो फळ्यांखालून बाहेर आला.

नाव काठावर ओढायची म्हटल्यावर सदाशिवराव कुरकुरले. "मागं मेकॅनिक येऊन गेला ना रे? जोड निसटला व्हता, थ्यानं दांडा आत ओढून नवा बोल्ट मारला. आता आनखी काय पाहतं?"

"थ्यानं आतून पाह्यलं, मालक. बाहेरून कोणी पाह्यलं का?"

ओंडके घालून बैलांनी नाव वर ओढली. मागच्या बाजूला तळ आणि पंख्याच्या अलीकडं दांड्याला तोलून धरणारं ब्रॅकेट यांच्यामध्ये, दांड्यावर, माणसाच्या डोक्याएवढा एक गोळा होता. काळा, शेवाळलेला, ओला. फुलसिंग दोन पावलं मागं सरकला.

"मुंडकं हाय!"

"खण हायेत," भीमराज म्हणाला. 

दिवसभर तो चाकूनं एकेक थर सोडवत बसला. हिरवा खण, लाल खण, चिंध्या. गाठींत सुपाऱ्या, बांगड्यांचे तुकडे. एका गाठीतली नारळाची करवंटी लोंबत होती; दांडा फिरला की ती तळावर आपटायची. हाच तो आवाज. भिऊन टाकलेली ओटीच फिरत्या दांड्यानं गुंडाळून घेतली होती आणि लोकांना आणखी भिववत होती. फुलसिंग हसायला लागला.

भीमराज हसला नाही. सगळ्यात आतला थर खणाचा नव्हता. तो गमछा होता, दांड्याभोवती आवळून गुंडाळलेला, आणि कोपऱ्यावर पांढऱ्या लुगड्याचं ठिगळ. छप्पन साली नागपूरला दीक्षेला नेसलेलं लुगडं पुढं फाटलं, तेव्हा पंचफुलाबाईनं त्याचं ठिगळ नवऱ्याच्या गमछ्याला लावलं होतं.

मग त्याला सगळं दिसलं. जोड निसटला तेव्हा दांडा मागं सरकत होता. पूर्ण सरकला असता तर भोक मोकळं होऊन नाव भरली असती. उकंडानं पाण्यात बुडी मारून दांडा पुढं ढकलला आणि ब्रॅकेटच्या अलीकडं गमछ्याचा जाड वेढा बांधला. वेढा ब्रॅकेटच्या भोकातून जाईना, म्हणून दांडा अडला आणि पाणी थांबलं. गंगामाईनं नव्हे.

पंचफुलाबाई आली. गावातली माणसंही जमली. तिनं गमछा हातात घेतला नाही. वाकून दांड्यावरच पाहिला, ठिगळावरून बोट फिरवलं.

"पळाला नाही थो," भीमराज म्हणाला. "त्यानं नाव वाचवली, बाई."

"हे कसं बांधलं हाय?"

"दोनदा. वर सरगाठ नाही, पक्की गाठ. घाईनं बांधलेली नाही."

तिनं बराच वेळ गाठ पाहिली. मग डोहाकडं. वारा पडला होता, पाणी अंजनाच्या लाकडासारखं काळं आणि स्थिर होतं.

भीमराजनं पुढं त्याच अंजनाच्या लाकडाचा नवा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ते कडं, कातून ब्रॅकेटात बसवला, तळाच्या भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून जवसाच्या तेलात भिजवलेल्या सुताची पॅकिंग भरली, नाव पाण्यात असताना जोड सरळ करून घट्ट केला. आवाज परत आला नाही. उकंडा पळपुटा होता असं कुणी पुन्हा म्हणालं नाही. भीमराज पुसदला परतला, जिनिंगच्या धुरळ्यात उभा राहून बेअरिंगं ऐकू लागला. पण बहिणीनं त्या संध्याकाळी विचारलेल्याचं उत्तर त्याला अजून कुठल्याच यंत्रात सापडलेलं नाही.

"भाऊ, गाठ पक्की झाली. दोन्ही हात मोकळे झाले. मंग थो वर काहून नाही आला?"