पितरपाखातला कोट

माझं शिक्षण चौथी, आणि ती चौथीही मास्तरांना मान्य नव्हती. पण दुकानदारानं मला फसवलं असं सांगणारा माणूस सौंदडात शोधून सापडणार नाही. छत्री मी दिवाळीत घेतो. स्वेटर चैत्रात घेतो. चैत्रात स्वेटर दाखवताना दुकानदाराला घाम फुटते, आणि घाम फुटलेला माणूस भाव फार वेळ धरून ठेवत नाही. बायको म्हणते, हा माणूस पावसाळाभर पोतं डोक्यावर घेते आणि दिवाळीत छत्री लावून मिरवते. म्हणू दे. पावसाळा चार महिन्यांत जातो, छत्री दहा वर्षं टिकते.

घाई करणाऱ्याचं कधी भलं झालं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. त्या सांगण्याला एका कोटानं कसा सुरुंग लावला ते आता लिहितो.

आमच्या लग्नाच्या काळी गावात कोट एकच होता. मूळ कोणाचा ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण गावातला प्रत्येक नवरदेव त्यातूनच निघाला होता. माझ्या लग्नाच्या दिवशी बाजूच्या गावातही संध्याकाळचं लग्न होतं. माझ्यावर अक्षता पडल्या, मांडवात पंगत बसली, मी पाटावर टेकतो तोच एक माणूस सायकलवर आला आणि म्हणाला, कोट दे, तिकडं वरात थांबली आहे. दिला. आता, वरून कोट आहे म्हणून आतल्या सदऱ्याची कोणी काळजी केलेली नव्हती. त्याच्या पाठीवर वीतभर ठिगळ होतं. सगळ्या पंगतीनं ते पाहिलं, बायकोनंही पाहिलं, आणि मी अर्ध्या जेवणावरून उठलो. पन्नास वर्षं झाली, तरी भांडण रंगात आलं की ती त्या ठिगळाचा रंग काढते.

म्हणून नातवाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर करायचं ठरलं तेव्हा मी मनात गाठ मारली. या लग्नात कोट घालायचा, स्वतःचा घालायचा, आणि पंगत उठेपर्यंत अंगातून काढायचा नाही.

कोट मला वैशाखातच दिसला होता. गोंदियाच्या बाजारात एका दुकानात, दारातून आत गेलं की उजव्या हाताला. रंग भाजलेल्या शेंगदाण्याचा, बटणं मोठी, आणि माझ्या मापाचा एकच. तेव्हा ऐन लगनसराई होती, भाव ताठ होते. मी कोटाकडं पाहिलंसुद्धा नाही. हा माझा पहिला नियम आहे. जी वस्तू पाहिजे तिला हात लावायचा नाही, तिच्या शेजारणीला लावायचा. मी शेजारचा काळा कोट चिमटीत धरला, तोंड वाकडं केलं आणि बाहेर आलो.

त्यानंतर दर महिन्याला बीपीच्या गोळ्या आणायच्या निमित्तानं मी पॅसेंजरनं गोंदियाला जात राहिलो. गोळ्या सौंदडातही मिळतात, पण ते घरी कोणी विचारलं नाही. दर खेपेला दुकानात जायचं, काळ्या कोटाला नावं ठेवायची, आणि जाता जाता माझा कोट हळूच मागं सरकवून मोठ्या मापाच्या कोटांमागं लपवायचा. पुढच्या महिन्यात शेठनं तो पुन्हा पुढं आणलेला असायचा. आमचं दोघांचं हे मुक्यानं चाललं होतं. शेठ मला ओळखून होता. म्हणायचा, काकाजी, काला वाला तो आपको पसंद ही नहीं, फिर हर महीने उसीको देखने क्यों आते हो.

नातू म्हणाला, आबा, मोबाइलवर मागवून देतो. त्यानं दाखवलं. कोट होता, भाव होता, आणि खाली एक घड्याळ उलटं पळत होतं. दोन तास उरले, दीड तास उरला. घ्यायचा तर आत्ताच घ्या. मी म्हटलं, संपू दे. घड्याळ संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कोट, तोच भाव, आणि तेच घड्याळ पुन्हा पहिल्यापासून पळायला लागलेलं. जो दुकानदार काल धमकी देते आणि आज पुन्हा दारात उभा राहते, त्याच्याशी मी काय बोलू? आणि बोललो तरी त्या काचेला ऐकू कुठं येते?

माझा डाव पितरपाखाचा होता. त्या पंधरा दिवसांत आमच्याकडं कोणी नवं कापड घेत नाही. दुकानं ओस पडतात, शेठ लोक माश्या मारत बसतात. त्यातही शेवटचा दिवस अमावास्येचा. दुसऱ्या दिवशी घट बसतात आणि भाव उठतात. म्हणजे वर्षातला सगळ्यात पडलेला भाव कोणता, तर अमावास्येच्या दुपारचा. एवढा हिशेब शिकलेल्या माणसालाही सुचणार नाही.

बायकोनं मात्र आधीच बजावून ठेवलं. "पितरपाखातलं कोरं कापड माह्या घरात येणार नाही. आणलंच तर तुमी अन् कोट दोघंही गोठ्यात झोपा."

त्यावरही माझ्याकडं तोड होती. कोरं कापड चालत नाही ना? मग दुकानातूनच कोट अंगात घालून यायचं. गोंदिया ते सौंदड गर्दीत उभं राहून आलं की कोटाला घाम लागला, चुरगळला, जुना झाला. जुन्या कोटाला पितर काय म्हणतील? हे मी तिला सांगितलं नाही. चांगला उपाय आधी सांगितला की त्याची हवा जाते.

अमावास्येला सकाळची पॅसेंजर धरली. धान पोटरीला आला होता, खिडकीतून सगळा हिरवागार, आणि मी मनातल्या मनात शेठशी बोलत, त्याला खाली ओढत निघालो होतो. मधल्या एका ठेसनावर गाडी क्रॉसिंगला थांबली ती थांबलीच. अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. पाच महिने मी बैलासारखा शांत थांबलो होतो, पण त्या पाऊण तासात माझा धीर असा सुटला की सांगता येत नाही. उगाच वाटायला लागलं, आत्ता, ह्याच घडीला, कोणीतरी त्या कोटाला हात लावून राहिला आहे. गोंदियाला उतरलो आणि या वयात ठेसनापासून बाजारापर्यंत पळालो. हो, पळालो. धोतराचा सोगा हातात धरून. एक रिक्षावाला बाजूनं जाता जाता म्हणाला, बाबाजी, किसने मारा?

दुकानात शिरलो आणि थांबलो. आरशासमोर एक माणूस पाठमोरा उभा होता आणि माझा कोट त्याच्या अंगात होता.

मान पाहूनच ओळखलं. गोंदियालगतच्या फुलचूरचे आमचे इवाई. इवाई म्हणजे व्याही, माझ्या सुनेचे वडील. ज्या नातवाच्या लग्नासाठी मला कोट पाहिजे होता, त्याचे दुसरे आजोबा. चार लोकांत हा माणूस नेहमी सांगायचा की भावासाठी घासाघीस करणं आपल्याला जमत नाही, आपण सांगितला तो भाव देतो. आणि पितरपाखाच्या शेवटच्या दुपारी इथं.

"काय इवाईजी, पितरपाखात कोट?" मी विचारलं. अजून दम लागलेलाच होता.

ते आरशातूनच माझ्याकडं पाहत म्हणाले, "मी कोठं घेऊन राहिलो जी. पाहून राहिलो. अन् तुमी?"

"मी पण पाहूनच राहिलो."

शेठनं खाली मान घातली. हसत होता.

आता माझी चूक. आमच्याकडं रीत अशी की कोणी काही पुढं केलं तर पहिल्यांदा नाही म्हणायचं. चहा असो, सुपारी असो, दुसऱ्यांदाचा भात असो. दुसऱ्या आग्रहाला थोडं मागं-पुढं करायचं, आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्याच हाकेला हात पुढं करणारा माणूस उपाशी घरचा. या रितीवर माझा भरवसा होता. मी मोठेपणानं छाती काढून म्हटलं, "तुमाले शोभते इवाईजी. तुमीच घ्या." आता ते म्हणणार, नाही जी, तुम्ही घ्या. मी म्हणणार, छे. ते कोट काढून माझ्या हातात देणार. तिसऱ्या खेपेला मी घेणार, नाइलाजानं.

ते म्हणाले, "बरं."

एवढंच. बरं. आणि बटणं लावायला लागले. पोटावरचं बटण ओढून ओढून लावलं, तरी लावलंच.

मी स्टुलावर बसलो. पाणी मागितलं. तेवढ्यात शेठनं भाव सांगितला आणि इवाईंनी खिशात हात घातला. पहिल्याच भावाला. जिभेवरचा घोट तसाच राहिला माझा. कोट गेला ते गेला, पण ज्या कोटाला मी पाच महिने लपवलं, ज्याच्यासाठी काळ्या कोटाला एवढ्या शिव्या दिल्या, तो सांगितल्या भावानं जाणार? माझ्या डोळ्यांसमोर? मी इवाईंचा हात खिशातच धरला आणि म्हटलं, तुम्ही बाहेर बसा.

मग मी शेठशी असा भिडलो की तसं पुन्हा कोणाशी भिडणं नाही. बाहीची शिवण उलटी करून दाखवली. अस्तर उजेडात धरलं. पाच महिने तो कसा पडून आहे, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? आज अमावास्या, दिवसभरात किती गिऱ्हाईक आलं, असं विचारलं. मी भाव सांगितला. त्यानं कपाळावर हात मारला. मी उठलो, चपला घातल्या आणि चालू लागलो. हळू, मागं न पाहता. सातव्या पावलाला हाक येते, हा माझा अनुभव. सहाव्यालाच आली. परत गेलो आणि त्यातूनही थोडे तोडले. शेवटी शेठ म्हणाला, "काकाजी, ले जाओ, पर कल से इस गली में मत आना." आयुष्यात एवढा मोठा कौतुकाचा शब्द मला मिळाला नाही.

तरंगतच बाहेर आलो. कोट दुसऱ्याचा आहे हे पानटपरीपर्यंत लक्षातच नव्हतं.

तिथं इवाई एकदम थांबले. चेहरा उतरला. म्हणाले, हिनं सांगितलं आहे, पितरपाखात कोरं कापड उंबऱ्याच्या आत नाही. आता कसं करू? आणि मी, शहाणा माणूस, माझा जपून ठेवलेला उपायही त्यांना देऊन बसलो. अंगात घाला आणि चालत जा म्हटलं, फुलचूरपर्यंत आपोआप जुना होते. ते त्या उन्हात कोट घालून, बटणं लावून, घामाघूम होत निघाले. मी हात हलवला.

घरी आलो. बायकोनं माझे रिकामे हात पाहिले, पाठीमागं पाहिलं, गोठ्याकडंही पाहिलं. मग सगळं सांगावं लागलं. ती इतकी हसली की चुलीवरचं वरण उतू गेलं. हसता हसता म्हणाली, "घाई करून भलं इवाईचं झालं, अन् पळाले तुमी." हसू ओसरल्यावर मात्र म्हणाली, मोबाइलवरचा तरी मागवा. मी नाही म्हटलं. मला तोच पाहिजे होता आणि तो माझ्या भावानं घेतलेला होता.

लग्नाला मी धुतलेला पांढरा सदरा घातला. ठिगळ नव्हतं, मी आरशात दोनदा पाठ पाहून घेतली. इवाई कोटात आले. मांडवात सगळे विचारत होते, केवढ्याला? ते भाव सांगायचे, लोक तोंडात बोट घालायचे, आणि ते माझ्याकडं बोट करायचे. मला हसूही येत होतं आणि आतून जळतही होतं. अक्षता पडल्या. पंगत बसली. लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचा वास मांडवभर सुटला.

इवाई माझ्या शेजारच्या पाटावर बसायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. पोटावरचं बटण. पुन्हा उभे झाले, एकेक बटण काढलं, कोट उतरवला आणि माझ्यापुढं धरला.

"पोट दाटून राहिलं जी. जेवण होईतो तुमी घाला."

बायकोनं ईनबाईला, म्हणजे विहिणीला, आमच्या लग्नातल्या ठिगळाची गोष्ट फोनवर सांगितली होती की नाही, ते मला माहीत नाही. विचारलं तर सांगत नाही. त्या वेळी मी काही विचारलं नाही. रीत म्हणते, पहिल्यांदा नाही म्हणायचं. समोर चार गावचे लोक बसले होते, सगळे पाहत होते.

मी पहिल्याच हाकेला हात पुढं केला आणि दोन्ही बाह्या घातल्या.

माप बरोबर. बटण एकही ओढावं लागलं नाही. पन्नास वर्षांपूर्वी अर्धी राहिलेली पंगत मी त्या दिवशी पूर्ण जेवलो. दोनदा वडे घेतले, बुंदी घेतली, भात तर आग्रह होण्याआधीच मागितला. बायको वाढायला आली, वरणाचं भांडं हातात घेऊन थांबली, माझ्या पाठीकडं बराच वेळ पाहत राहिली.

"सांडू नका," ती म्हणाली, "दुसऱ्याचा आहे."

पंगत उठेपर्यंत मी तो काढला नाही. उठल्यावरही थोडा वेळ नाही काढला.