चांगल्या घरची पोर ओरडत नाही

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. माझं उलटं झालं. दिवस भरत आले तेव्हाच मला माहेराहून सुरतेला, सासरी पाठवलं. दोंडाईच्याच्या फलाटावर वडील चारचौघांना ऐकू जाईल असं सांगत होते, सुरतेत मोठा दवाखाना आहे, मशिनी आहेत, इथे काय आहे? आईने जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे पिशवीत कोंबले, बाळाला गुंडाळायला. गाडी हलताना तिने खिडकीतून माझं मनगट धरलं. "व्हट दाबी धरजो, बेटा. चांगला घरनी पोर आरोया मारत नही."

तेवढी एक गोष्ट मी माहेराहून नीट जपून आणली. गावाकडच्यांनो, तुम्ही अजूनही 'सुरतेत सोय आहे' म्हणत लेकी-सुना इकडे पाठवता, म्हणून हे लिहिते आहे. आणि माझ्यासारख्याच इकडे येऊन राहिलेल्या बायांनो, तुम्हाला यातलं सगळं ठाऊक आहे. तुम्ही फक्त बोलत नाही.

सुरतेतल्या नवागामात आमची एक खोली होती. नवरा लूमच्या खात्यात कापड विणायला, मी घरी साड्यांना टिकल्या लावायची. तुम्ही लग्नात मिरवता त्यातल्या कितीतरी साड्या माझ्या मांडीवरून गेल्या असतील. या शहराला आमचे हात लागतात. बाकीचं शरीर मात्र नको असतं, हे मला दवाखान्यात गेल्यावर कळलं.

भर दुपारी कळा सुरू झाल्या. सासू मला रिक्षात घालून घेऊन गेली. सिस्टरने नाव विचारलं, मी सांगितलं, आणि माझ्या तोंडून मराठी बाहेर पडताच तिचा चेहरा बदलला. शेजारच्या सिस्टरला ती म्हणाली, "आ लोको अहीं जणवा ज आवे छे." जणू आम्ही खानदेशातून इथे फक्त पोरं काढायलाच येतो. मला पॅसेजमधल्या बाकावर बसवलं. माझ्यामागून आलेल्या दोघी तिच्याशी गुजरातीत बोलल्या आणि आत गेल्या. त्यांनाही ओरडा बसला, खोटं कशाला बोलू, पण त्यांना खाट मिळाली.

मी ओठ दाबून बसले होते. चांगल्या घरची ना मी. सासू दोनदा विनवून आली, पोर घाबरली आहे, एकदा बघा. सिस्टरने लांबूनच माझ्याकडे पाहिलं. "एने कंई नथी. आ लोकोने दुखे ज नहीं, टेव होय." यांना दुखतच नाही, सवय असते. माझ्या पोटाला तिने हातसुद्धा लावला नाही.

माझी पूनम त्या बाकाखालच्या फरशीवर जन्मली. सासूने पदर पसरला म्हणून डोकं आपटलं नाही. पोर निळी पडली होती, रडत नव्हती. सासूने तिला आईच्या लुगड्यात घेऊन पाठ चोळली तेव्हा कुठे तिने आवाज काढला. मग धावपळ झाली, आणि शिव्याही मलाच. सांगायला काय झालं होतं, तोंड नाही का तुला? टाके घातले ते सुन्न करायचं इंजेक्शन न देता. मी तेव्हाही गप्प होते, आणि सिस्टर हसून म्हणाली की बघा, मी म्हटलं नव्हतं? ते हसणं मी आजपर्यंत विसरले नाही आणि विसरणारही नाही.

पूनमला शिरपूरला दिली. यंदा ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं माहेर म्हणजे सुरत. ज्या गावाने तिला फरशीवर उतरवून घेतलं, तेच तिचं माहेर. माझा भाऊ म्हणाला, तिला गावी आण. पूनम म्हणाली, "मम्मी, गाव तुझं. मारं तो आ ज घर छे ने." तिची गुजराती लूमच्या धोट्यासारखी चालते. मला वाटलं, हिला तरी कोणी बाकावर बसवणार नाही.

दवाखाना तोच. भिंतींना नवा रंग होता. पूनम बोलत होती तोवर नवी तरुण सिस्टर 'बेन, बेन' करत होती. मग मी पूनमला विचारलं, "पानी पेस का, बेटा?" सिस्टरने वळून माझ्याकडे बघितलं. "मराठी छो? तमारामां तो बधुं घेर ज पती जाय ने." तुमच्यात तर सगळं घरीच उरकतं. तिने बाकाकडे बोट दाखवलं आणि निघून गेली.

पूनमच्या कपाळावर घाम, ओढणीचा बोळा तोंडात. मी विचारलं, हे काय? ती बोळा काढून कशीबशी म्हणाली, "आजीने फोनवर सांगितलंय, चांगल्या घरची पोर ओरडत नाही."

माझं डोकंच फिरलं. ओढणी तिच्या हातातून हिसकावून घेतली.

"आरोया मार, बेटा. समदासले आयकू दे."

आणि माझी गुजराती बोलणारी पोर ओरडली, "व मायऽऽ!" अहिराणीत. मीही तिच्याबरोबर ओरडले. पॅसेज गोळा झाला. सिस्टर दात-ओठ खात आली, मला नाही नाही ते बोलली, पण तिने तपासलं. तपासताच तिने पूनमला पळवतच आत नेलं. बाळ खाटेवर जन्मलं. टाक्यांच्या वेळी मी दारातून विचारत राहिले, इंजेक्शन दिलं का? बाहर बैठो माजी, असं आतून कितीदा सांगितलं तरी मी बसले नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. मला नात झाली, दोघी बऱ्या आहेत, एवढं ऐकून तिने विचारलं, पोरीने आरोळ्या तर नाही ना मारल्या? मी म्हटलं, मारल्या, मीच मारायला लावल्या. मला वाटलं, आता रागावेल.

"मन्हा येळले माले असं कोनी सांगं नही व," म्हणाली.

तेव्हापासून मी गाव आणि सुरत असं मोजत बसत नाही. दोन्हीकडे मला गप्पच बसवलं, तिथे आईने मायेने आणि इथे सिस्टरने माजाने. पूनमला मी सांगून टाकलं आहे, तुझं माहेर ना दोंडाईचा, ना सुरत. मी जिथे दारात उभी आहे ना, तेच तुझं माहेर, आणि तिथे पोटभर ओरडायचं.