पिंपळ उजव्या हाताला

"अरे, उधर कहाँ चले जा रहे हो? रास्ता इधर है!"

ओरडत होते ते काशीसमोरच्या रामनगरातले, ताईच्या गल्लीतले, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब. नोकरीत त्यांनी शिट्टी कधी वापरलीच नसावी, नुसत्या आवाजावर गाड्या सुटत असणार. त्या दिवशी तर म्हणे गंगेपलीकडे दशाश्वमेधावर संकल्प सांगणारे गुरुजी यजमानाचं गोत्र विसरले.

पण शेतांपलीकडच्या गावची मंडळी डोक्यावर घमेली घेऊन पिंपळाच्या त्या अंगाने शांतपणे पुढे निघाली होती, आणि आम्ही रामनगरच्या बाजूचे या अंगाने. दोन गावं जोडायला निघालेल्या दोन वाटा एकमेकींना ओळख न देता शेजारून निघून गेल्या होत्या.

ताई त्या पलीकडच्या गावच्या शाळेत शिकवते. सायकलने जायची ती मोठ्या रस्त्यावरून, आणि तिथले ट्रक असे की हत्तीनेही बाजूला होऊन नमस्कार करावा. हिवाळ्यात एकाने तिला सायकलीसकट खड्ड्यात घातलं. हात गळ्यात बांधून घरी आली, तेव्हा भाओजी म्हणाले, उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत शेतातून वाट झाली तर जा, नाहीतर राजीनामा दे. ताई प्लास्टर निघाल्यावर दोन्ही गावांत घरोघर फिरली. शेतकऱ्यांनी बांधाची कड दिली, वीटभट्टीवाल्याने विटांचा चुरा. ठरलं असं, की आपापल्या टोकाहून निघायचं, नाकासमोर पिंपळ धरायचा आणि तिथे भेटायचं. मी काशीच्या राजा घाटावरून नावेने जाऊन चुरा वाहत होतो. इतका वाहिला, की गंगेच्या पुराला माझा हेवा वाटला असेल.

आता पिंपळापाशी चूक कोणाची म्हणायची? झाडाला डावं घालून कोणी जातं का? प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला, तसा पिंपळही. आम्ही त्याला उजव्या हाताला ठेवला, समोरून येणाऱ्यांनीही ठेवला. समोरासमोरच्या माणसांचे उजवे हात एका बाजूला येत नाहीत, हे एवढ्या शहाण्यांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी त्यांतला मुख्य.

मग वाद. तुमची वाट उखडा, नाही तुमची उखडा. उलट्या बाजूने वाट काढायला दोघंही तयार नव्हते. चुरा संपत आला होता, शाळा दुसऱ्या दिवशी उघडणार होती. ताई सायकलचं हँडल धरून उभी होती. तिचा चेहरा मला बघवेना.

"दोन्ही राहू द्या," ती म्हणाली. "नुसती टोकं जोडा."

उरलेला चुरा टोकांना पुरला आणि पिंपळाभोवती लालभडक कडं तयार झालं. ताई सायकलवर बसली. तेवढ्यात समोरून दूधवाला आला, दोन्हीकडे कॅन लटकवून, नवरदेवाच्या तोऱ्यात. मी डोळे मिटले. उघडले तर ताई पिंपळाच्या एका अंगाने पार झालेली, दूधवाला दुसऱ्या अंगाने. घंटी नाही, ब्रेक नाही. त्याच्यामागे डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या बायका आल्या, भाजीची सायकल आली, बकऱ्या आल्या. सगळे आपापल्या उजव्या हाताला पिंपळ ठेवून वळत होते, आणि कोणाचा कोणाला धक्का लागत नव्हता. ग्रह-तारे असेच फिरत असावेत, फक्त त्यांच्यात बकऱ्या नसाव्यात. पानं सळसळत होती. मी हात जोडलेले होते, हे मला बऱ्याच वेळाने कळलं. गार्डसाहेबांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. हे मी गंगेची शपथ घेऊन सांगतो.

संध्याकाळी भाओजींना मी सगळं सांगितलं. पिंपळ थोडा वाढवला, बकऱ्या बऱ्याच वाढवल्या. ते अंगणात ताईच्या सायकलपाशी उकिडवे बसून टायर अंगठ्याने दाबत होते.

"मग राजीनाम्याचं काय?" मी विचारलं.

"मागच्या चाकात हवा कमी आहे," ते म्हणाले. "सकाळी भरून देतो."