मॅडमना थांबवण्याचा ठराव

आमच्या नगरपरिषदेचं प्रसूतिगृह कापूस बाजाराच्या मागच्या रस्त्याला होतं. बैठी इमारत, पुढे व्हरांडा, आणि मागे कंपाउंडच्या भिंतीला लागून सिस्टरसाठी बांधलेलं छोटं क्वार्टर. ती सिस्टर म्हणजे मी. लग्नाआधीपासून मी त्या क्वार्टरमध्ये राहत होते. लग्नानंतर नवराही तिथेच राहायला आला. तो एसटीत कंडक्टर, बहुतेक वेळ आर्वीच्या गाडीवर. माझी आईही आमच्याजवळच असायची. कुणी बाई कळा देत आली की व्हरांड्यातून हाक ऐकू यायची आणि मी चप्पल सरकवून निघायचे. घर आणि काम यांच्यामध्ये फक्त एक अंगण होतं.

मॅडम नव्वदच्या सुमारास रुजू झाल्या. त्या पुण्याकडून शिकून आलेल्या, बोलणं पुस्तकी, पण हात फार चांगला. त्यांच्या आधी नगरपरिषदेला डॉक्टर टिकत नव्हता. कुणी सहा महिने राहायचा, कुणी पहिला उन्हाळा पाहूनच जायचा. अवघडलेली बाळंतीण असली की जीपमध्ये घालून वर्ध्याला पाठवायची, आणि वाटेत काय होईल ते होईल. मॅडम आल्या आणि ते थांबलं. पायाळू मूल असो, जुळी असोत, त्या घाबरायच्या नाहीत. माझी मुलगी त्यांच्याच हातावर झाली. काम आटोपलं की त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसायच्या. आई त्यांना ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढायची. पहिल्यांदा त्यांना ती भाजी आंबट लागली, नंतर त्या मागून घ्यायला लागल्या. आई त्यांना "डॉक्टरीणबाई" म्हणायची, पण बोलायची लेकीसारखी.

त्यांचे यजमान वर्ध्याच्या कॉलेजात शिकवायचे. मॅडम रोज बसने ये-जा करायच्या. कधी उशीर झाला तर माझ्याकडेच झोपायच्या, आणि तेव्हा नवरा बाहेर ओसरीवर खाट टाकायचा.

पाच-सहा वर्षं अशी गेल्यावर एके दुपारी चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "सिस्टर, मी बहुतेक जाणार. वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलंय."

मी माझा कप खाली ठेवला.

"इथे माझी नेमणूकसुद्धा कायम नाही," त्या म्हणाल्या. "पगार काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. राहायला जागा नाही. मुलगा मोठा होतोय. किती दिवस बसचे धक्के खाऊ?"

"नगरपरिषदेनं काही केलं तर थांबाल?"

"नगरपरिषद काय करणार?" असं म्हणून त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुमचं मात्र ऐकतील. अर्ध्या गावाची बाळंतपणं तुम्ही केलीत."

ते मला लागलं, म्हणजे चांगल्या अर्थानं लागलं. संध्याकाळी ड्युटी संपल्यावर मी निघाले. शिंप्याची बायको, बाजारात भाजी विकणारी बाई, मास्तरणी, माहेरी बाळंतपण झालेल्या मुलींच्या आया, सगळ्यांच्या दारी गेले. सांगायचं एकच. मॅडम चालल्या, आपण गेलो नाही तर पुन्हा जीपमधून वर्धा. शिंप्याच्या बायकोचं पहिलं मूल वाटेतच गेलं होतं आणि दुसरं मॅडमच्या हातून जगलं होतं. ती म्हणाली, "सिस्टर, मले दुसरं काई सांगू नका. कवा यायचं तेवढं सांगा."

मॅडमचा विषय असलेल्या सभेच्या दिवशी बायका पोरं कडेवर घेऊन नगरपरिषदेत आल्या आणि सभागृहाबाहेरच्या जागेत बसल्या. पोरं रडत होती, कुणी दूध पाजत होतं. अध्यक्ष आले. कापसाचा व्यापार असलेला शांत माणूस, आवाज कधी चढायचा नाही. मला पाहून म्हणाले, "सिस्टर, हा काय मोर्चा आणून राह्यल्या तुमी?"

"मोर्चा नाही साहेब. मॅडम जाऊ नयेत एवढंच म्हणणं आहे."

"आमालेबी तेच वाटते. तुमी बसा आत, ऐका."

आम्हाला मागच्या बाकांवर बसू दिलं. मुख्याधिकारी उभे राहून म्हणाले, पगाराची श्रेणी सरकार ठरवतं, ती नगरपरिषदेला वाढवता येत नाही. पण नेमणूक कायम करण्याची शिफारस करता येईल, संध्याकाळी स्वतःचे पेशंट तपासण्याची मुभा देता येईल, आणि आवारात निवासस्थान देता येईल. एक नगरसेविका उठली. तिची सून आमच्याकडे बाळंत झाली होती. ती म्हणाली, चांगला अधिकारी गावात ठेवायचा तर गावानं त्याची सोय केली पाहिजे. सगळ्यांनी हात वर केले, विरोधी बाजूनंसुद्धा. आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त मीच वाजवल्या असतील. प्रसूतिगृहासमोर मोकळी जागा होती, लोक तिथे गुरं बांधायचे. नवं क्वार्टर तिथे होणार असं मी मनात धरलं. दुसरं काही असू शकतं हे डोक्यातच आलं नाही.

मॅडमना मी पळतच सांगायला गेले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुमच्यामुळे झालं, सिस्टर," असं त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

पुढच्या महिन्यात बांधकाम खात्याचा माणूस टेप घेऊन माझ्या दारात आला. आईनं त्याला पाणी दिलं. तो पाणी प्याला आणि स्वयंपाकघराची भिंत मोजायला लागला. "ही भिंत काढायची, म्हणजे खोली मोठी होईन," असं त्यानं सोबतच्या मजुराला सांगितलं.

आई म्हणाली, "काऊन काढून राह्यला बापा भिंत?"

तो गोंधळला. "तुमाले सांगतलं नाई का? हे क्वार्टर डॉक्टरीणबाईले भेटलं."

मी तशीच वॉर्डात गेले. मॅडम टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पेन बंद केलं. माणूस येऊन गेला हे त्यांना न सांगताच कळलं.

"मॅडम, माझं क्वार्टर?"

"जागा मी निवडली नाही, सिस्टर. त्यांनी विचारलं, आवारातलं घर चालेल का. मी हो म्हणाले."

"आवारात एकच घर आहे."

त्यांनी पेन बाजूला ठेवलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"सभेच्या आधीपासून." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "नवं बांधायला त्यांच्याकडे पैसा नाही. ते तेवढंच देऊ शकत होते. मी तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही नाही म्हणाला असतात का?"

मी विचार केला. खरंच केला. बाळंतिणी डोळ्यांसमोर आल्या. "नाही म्हटलं नसतं," मी म्हटलं.

"मग?"

"मग विचारायचं होतं."

आतून एका बाईचा ओरडण्याचा आवाज आला आणि आम्ही दोघी उठून आत गेलो. ते बाळंतपण आम्ही नेहमीसारखंच केलं. मी हात पुढे केला की त्यात कात्री यायची, त्यांनी हात पुढे केला की मी कापूस द्यायचे.

अध्यक्षांकडे मी गेले. ते म्हणाले, "ठराव तुमच्याच डोळ्यादेखत झाला ना? टाळ्याबी वाजवल्या तुमी." ते चिडले नव्हते, टोमणाही मारत नव्हते. जे झालं तेच सांगत होते.

आम्ही जिनिंग फॅक्टरीच्या पलीकडे भाड्याच्या खोल्या घेतल्या. नवऱ्यानं हातगाडीवरून सामान नेलं. तो फार बोलणारा माणूस नाही. गाडी ढकलता ढकलता एवढंच म्हणाला, "तुले माहीत असतं तरी तू बायका गोळा केल्या असत्या." मला ते बोलणं आवडलं नाही, कारण ते खरं होतं. आई मात्र कित्येक दिवस एकच विचारायची, "इतके दिवस माह्या घरी जेवली, एक शब्द नाई निघाला का तिच्या तोंडातून?"

मॅडम त्या क्वार्टरमध्ये राहायला येतील असं सगळ्यांना वाटत होतं. त्या आल्याच नाहीत. मुलाची शाळा वर्ध्याला होती. त्या पूर्वीसारख्याच बसने येत राहिल्या, मग गाडी घेतली. क्वार्टरमध्ये त्यांनी संध्याकाळचा दवाखाना सुरू केला. माझ्या दारावर त्यांच्या नावाची पाटी लागली. जिथे आईची चूल होती तिथे तपासायचं टेबल आलं. हळूहळू असं झालं की सकाळी प्रसूतिगृहात आलेल्या बाईला त्या सांगायच्या, "संध्याकाळी मागे या, नीट बघते." मागे गेलं की फी पडायची. कायद्यानं त्यात काही चुकीचं नव्हतं. तेही ठरावात होतंच.

शिंप्याची बायको पुन्हा गरोदर होती. एक दिवस औषधाच्या खिडकीशी माझी वाट पाहत उभी राहिली.

"सिस्टर, सकाळी बाई हात लावत नाई आता. संध्याकाळी बलावते. तुमीच म्हणलं होतं ना, बाई राह्यल्या तर गरिबाचं बरं होईन?"

"म्हटलं होतं."

"मंग?"

आमच्या गावातली बाई भांडायला आली की कंबरेवर हात ठेवते. हिचे हात खाली होते. ती खरोखर विचारत होती. मी तिला म्हटलं, तू सकाळीच येजो, मी बघते. आणि तिचं बाळंतपण मीच केलं. मॅडम शेवटी येऊन बघून गेल्या. पण तशा किती जणींना मी सांभाळणार? बायका माझ्याशी पूर्वीसारख्या बोलेनाशा झाल्या. माझाही त्यात काही वाटा असेल, असं काहींना वाटायचं. कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण बाजारात दोघीजणी बोलता बोलता मी आले की गप्प व्हायच्या.

त्याच सुमारास आम्ही नर्स, लसीकरणवाल्या आणि बालवाडीच्या बाया मिळून एक अर्ज घेऊन गेलो. घरभाडं मिळावं आणि बाकी नोकरदारांसारखी वेतनश्रेणी लागू व्हावी, एवढंच. अध्यक्ष तेच होते. चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर, राग मानू नका. डॉक्टर भेटत नाई, म्हणून त्याले द्यावं लागते. सिस्टर भेटते."

बरोबरच्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मी चहा प्याले आणि उठले. बाहेर आल्यावर एक जण म्हणाली, "तुमी त्या बाईसाठी इतकं भांडल्या, आपल्यासाठी काऊन नाई?" मी म्हटलं, आवाज आज निघालाच नाही. तेच खरं होतं. त्या सभागृहात मी एकदा आवाज केला होता आणि त्याचं काय झालं ते मी रोज संध्याकाळी बघत होते.

दोन हजार सालानंतर थोड्याच वर्षांत मॅडमनी राजीनामा दिला. वर्ध्यात त्यांनी स्वतःचं हॉस्पिटल उभं केलं होतं. पेशंट आधीच ओळखीचे झाले होते, अर्धे आमच्याच तालुक्यातले. नगरपरिषदेनं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मला बोलायला उभं केलं. काय बोलावं हे मी आदल्या दिवशी ठरवलं होतं, पण माईकसमोर गेल्यावर ते बोलवेना. म्हटलं, "मॅडमनी पुष्कळ बायकांचे जीव वाचवले. ते मी पाहिलं आहे." आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रमानंतर त्या माझ्याजवळ आल्या. "माझ्याकडे या, सिस्टर. वर्ध्याला. इथल्यापेक्षा कितीतरी चांगलं देईन. खोलीही देईन."

"खोली नको," मी म्हटलं. बाकी कारण मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

पुढे करारावर डॉक्टर येत-जात राहिले, मग तेही थांबले. प्रसूतिगृह कागदावर राहिलं आणि खाटा शाळेच्या गोदामात गेल्या. बायका पुन्हा बाहेरगावी जायला लागल्या, आता जीपऐवजी मॅक्सिमो नावाच्या छोट्या भाड्याच्या गाडीतून. मला लसीकरणावर टाकलं. निवृत्तीपर्यंत मी गल्लोगल्ली पोलिओचे थेंब पाजत फिरले. आई त्याच भाड्याच्या खोलीत वारली.

मॅडम मला एकदाच भेटल्या, वर्ध्याच्या स्टेशनवर. मी मुलीकडे नागपूरला चालले होते. त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनीच मला ओळखलं. माझी पिशवी उचलून बाकावर ठेवली आणि शेजारी बसल्या. मुलीचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. मग हसून म्हणाल्या, "अजून रागावलेल्या आहात का माझ्यावर?"

नाही, असं मी म्हणणार हे त्यांनी धरलंच होतं. इतक्या वर्षांनी माणूस तसंच म्हणतो.

"हो, मॅडम," मी म्हटलं.

त्यांचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग गेलं. त्या उठल्या नाहीत, तेवढं मला बरं वाटलं. गाडीची घोषणा झाली तेव्हा त्यांनी आईबद्दल विचारलं. आई गेली, मी सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. गाडी लागली, डबा पुढे होता, आणि पिशवी घेऊन मी चालायला लागले.