फाटकाबाहेरची मोनिकामावशी

मोनिकामावशी गेल्याचा निरोप घेऊन बाळकुमहून माणूस आला तेव्हा मी नौपाड्यात न्याहारीला बसलो होतो. निरोपासोबत तिची शेवटची इच्छाही आली, की मला ठाण्याला बहिणीशेजारी पुरा. ती बहीण म्हणजे माझी आई. महिना होत आला, पण माझे मन काही थाऱ्यावर नाही.

दोघी एकाच अंगणात वाढल्या. लग्न होऊन मावशी बाळकुमला गेली आणि तिचे देऊळ रोमने नेमलेल्या मुंबईच्या बिशपाचे झाले. आईचे राहिले पोर्तुगीज पाद्र्यांचे. येशू तोच, रविवारची मिसा, म्हणजे उपासना, तीच, भांडण फक्त हुकूम कोणाचा याचे. आई वारली तेव्हा मावशीच्या पाद्रीबाबांनी तिला बजावले होते, त्या देवळात पाऊल टाकलेस तर पाप लागेल. ती बाळकुमहून चालत आली आणि फाटकाबाहेर उभी राहिली. आम्ही आत माती देत होतो आणि ती बाहेर उन्हात... मला तिचा भयंकर राग आला होता.

पुढे रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, गावे वाटली गेली, आणि एका रविवारी बाळकुमलाही आमच्याकडचेच पाद्री आले. सगळे चुटकीसरशी मिटले. लोक जेवायला घरी गेले. मावशी मला घेऊन नव्या पाद्रीबाबांपुढे उभी राहिली. "तवा मी आत गेले असते, तं मना पाप लागलां असतां का नसतां? तवढांच सांगा." आज्ञा पाळणाऱ्यांवर देव प्रसन्न असतो, असे ते म्हणाले. "तां मी नाय विचारलां," मावशी म्हणाली. तिने मिसा सोडली नाही, श्रद्धाही सोडली नाही, पण जो पाद्री भेटेल त्याला हाच प्रश्न. शेवटी ते तिला पाहून वाट बदलू लागले.

दफनाची परवानगी मागायला ठाण्याच्या देवळात गेलो तर तिथले पाद्रीबाबा सहज म्हणाले, "हरकत कसली?" नकार दिला असता तर भांडलो तरी असतो. त्या दोन शब्दांनी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला फाटकातून आत नेले. कोणी अडवले नाही.

तिन्हीसांजेची प्रार्थना झाली की आमच्यात धाकटी माणसे थोरांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. मावशी बाळकुमच्या घरात सगळ्यांत थोरली. पण सगळ्यांना आशीर्वाद देऊन झाला की ती ठाण्याकडे तोंड करायची आणि हात जोडून आपल्या धाकट्या बहिणीकडे बेसांव मागायची. परवा बाळकुमला गेलो, तर प्रार्थनेनंतर तिच्या सुना-नातवंडे आपसूक ठाण्याकडे वळली. तिथे आता दोघी आहेत... मीही वळलो, हात जोडले, आणि काय मागावे ते मला सुचेना.