एकतीस बायका पायऱ्यांवरून परत गेल्या

नागपूरची राजधानी गेली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी नोकरांची कितीतरी बिऱ्हाडं मुंबईला आणि भोपाळला हलली होती. आमच्या हातमागाच्या रेशीमकाठी साड्या प्रामुख्याने त्याच घरांत जायच्या. आता आमच्या वस्तीत, तांडापेठेत, मागावरून उतरलेल्या साड्या घड्या होऊन तशाच पडून राहू लागल्या. आमच्या विणकरांच्या सोसायटीत यावर बैठक झाली आणि साड्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. प्रदर्शन म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. मॅट्रिक झालेली होते आणि सोसायटीचा पत्रव्यवहार पाहत होते. वडील माग चालवायचे, आई चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची.

"तूच कर वं सगळं," सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले. "तुले लिहिता-वाचता येते. आमाले काय समजते त्याच्यातलं?"

मी महाल भागातल्या एका वाचनालयाचा वरचा हॉल ठरवला. एका सकाळी जाऊन पाहून आले. स्वच्छ होता, उजेड चांगला होता. इतवारीत पत्रकं छापून घेतली आणि सीताबर्डीवर वाटली. दिवाळी तोंडावर आली होती. तीन दिवस, दुपारी चार ते सात.

उद्घाटनाला अध्यक्ष बोलले, पाहुणे बोलले, सोसायटीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर हॉलमध्ये मी, दोन विणकर आणि टेबलांवर मांडलेल्या साड्या एवढेच उरलो. खिडकीतून रस्ता दिसायचा. दुसऱ्या दिवशी एक तांगा दाराशी थांबला. आतल्या दोन बायकांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आपसात काही बोलल्या, आणि तांगा पुढे गेला. थोड्या वेळाने आणखी एका तांग्याचं तसंच झालं. मला वाटलं, आमच्या साड्यांचे रंग जुने झाले.

तिसऱ्या दिवशी सहाच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ जिना चढून आले. धोतर, काळी टोपी, काखेत छत्री. त्यांनी साड्यांकडे पाहिलंच नाही.

"तीन दिवसांत किती बायका आल्या?" त्यांनी विचारलं.

"चौदा."

"आणि खालून परत गेलेल्या?"

"त्या कशा मोजणार?"

"मी मोजल्या. एकतीस. पहिल्या दिवशीच्या त्यात नाहीत, तेव्हा माझं लक्ष नव्हतं."

"परत का गेल्या?"

"आम्ही बसलो होतो म्हणून," ते म्हणाले. "खाली पायऱ्यांवर संध्याकाळी आम्ही आठ-नऊ जण वर्तमानपत्र वाचत बसतो. आमच्या मधून वाट काढत कोणती बाई वर येईल? तुम्ही ही जागा पाहायला किती वाजता आला होतात?"

"सकाळी."

"सकाळी आम्ही घरी असतो."

मला त्यांचा राग आला. कळलं होतं तर उठून का गेला नाहीत, असं मी विचारलंही. ते म्हणाले, "मग वर्तमानपत्र कुठे वाचायचं?" आणि निघून गेले.

चौकशी केल्यावर समजलं की हे गृहस्थ एका फिरत्या नाटक मंडळीत वीस-बावीस वर्षं व्यवस्थापक होते. गावोगावी पुढे जाऊन जागा ठरवायची, जाहिरात करायची, लोक आत घ्यायचे आणि बाहेर काढायचे, हे त्यांचं काम. मंडळी मोडली तेव्हा ते मुलीकडे नागपूरला येऊन राहिले. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. राग ओसरला नव्हता, पण एकतीस हा आकडा डोक्यातून जात नव्हता. मी त्यांना काका म्हणू लागले. त्यांनी मला लगेच अगं-तुगं सुरू केलं.

"प्रदर्शनाला कोण यावं असं तुला वाटतं?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"सगळे."

"तसं नको. एक बाई सांग. खरी, ओळखीची."

मी आमच्या ओळीतल्या एका मास्तरांच्या बायकोचं नाव घेतलं. मग त्यांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले. ती घरातून कधी मोकळी होते? निघताना कोणाला सांगावं लागतं? सोबत कोण असतं? कडेवर मूल असतं का? परत किती वाजता पोचावं लागतं? मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. मी त्या बाईंना विचारून आले. दोन ते साडेचार, एवढाच त्यांचा वेळ. सासूला सांगावं लागतं. हळदीकुंकवाचं निमित्त असलं की सासू काही म्हणत नाही.

त्यावरून तीन दिवस ठरले, संक्रांतीनंतरचे, आणि वेळही ठरली. जागा म्हणून एका मुलींच्या शाळेचं अंगण मिळालं. काकांनी मला तिथे दुपारी दोन वाजता नुसतं उभं राहायला लावलं, एकदा नव्हे, तीनदा. सावली कुठून कुठे सरकते, पाण्याचा नळ कुठे आहे, फाटकासमोर कोण बसतं, हे सगळं मी वहीत लिहून आणायची. ते वाचायचे आणि विचारायचे, "चपला कुठे काढतील?" ते मी लिहिलेलं नसायचं.

पत्रकं या खेपेला छापली नाहीत. आमच्या भागात घरोघरी बांगड्या भरायला एक कासारीण यायची. ती कोणाच्याही माजघरात अर्धा तास बसू शकत असे. तिला आम्ही आमचं एक जांभळं, लाल काठाचं लुगडं नेसायला दिलं. पंधरा दिवस ती तेच नेसून महाल, इतवारी आणि धंतोली फिरली. बायका विचारायच्या, ती सांगायची.

अवघड झालं ते घरात. काका म्हणाले होते, "साडी दुकानातही दिसते. दुकानात जे दिसत नाही ते ठेव." म्हणजे माग. घरचा खड्ड्याचा माग जमिनीत रोवलेला, तो हलवता येत नाही, पण सोसायटीकडे एक लाकडी चौकटीचा माग होता. तो अंगणात मांडायचा आणि त्यावर वडिलांनी बसायचं, असं मी घरी सांगितलं.

"चार बायकांसमोर मी तमाशा करू काय?" वडील म्हणाले. "माग काय दाखवाची गोष्ट हाय?"

 दोन दिवस ते विषय काढू देईनात. तिसऱ्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "मी बसीन तिथं कांड्या भराले. तुमी येता का दुसऱ्या कोनाले सांगू?"

वडील जेवत राहिले. पण प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी माग न्यायला हातगाडी आली, तेव्हा तिच्याबरोबर तेच चालत गेले.

पहिल्या दिवशी साठेक बायका आल्या. दुसऱ्या दिवशी तीन वाजता अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. फाटक एकच. येणाऱ्या आणि जाणाऱ्या तिथेच अडकल्या. मागाभोवती सहा-सात पदरी घेरा झाला आणि मागच्या बायका पुढच्यांना ढकलू लागल्या. एक दीड-दोन वर्षांचं मूल आईच्या हातातून सुटून मागाखाली शिरलं. त्याने ताण्याचे उभे धागे मुठीत धरले आणि ओढले. बरेच धागे तुटले.

वडिलांचा हात थांबला. मुलाच्या आईने ओरडून त्याला बाहेर ओढलं.  वडील आता उठतील, माग सोडून सरळ घरी जातील, असं मला वाटलं. घरी असं काही झालं असतं तर ते नक्की ओरडले असते. इथे त्यांनी मान खाली घातली आणि तुटलेले धागे एकेक शोधून सांधायला सुरुवात केली. दोन बोटांत धागा धरायचा, पीळ द्यायचा, सोडायचा. बायकांची ढकलाढकल थांबली. विणकाम पाहताना त्या बोलत होत्या, हे मात्र पुढे वाकून पाहत राहिल्या.

तेवढ्या शांततेत मला उसंत मिळाली. पाण्याच्या टाकीमागे एक छोटं दार होतं. वहीत मी ते नोंदवलं होतं, पण त्याचा उपयोग सुचला नव्हता. शाळेच्या शिपायाकडून किल्ली आणून मी ते बाहेर जाणाऱ्या बायकांसाठी उघडलं. अध्यक्षांना जाऊन म्हटलं, "तुम्ही फाटकाशी उभे राहा. वीस बायका आत सोडायच्या, वीस बाहेर गेल्या की पुढच्या वीस."

"मी अध्यक्ष हावो का दरवान?" ते म्हणाले. पण उभे राहिले, साडेचारपर्यंत.

मी परत आले तेव्हा एक बाई आईला विचारत होती, "एक साडी किती दिवसांत होते हो?"

आई परक्या बायकांशी फारसं बोलत नसे. तिने चरखा थांबवला. "नऊ दिवस," ती म्हणाली. "ते एकल्याचे नाही. मले धरून नऊ."

"म्हणजे तुम्हीही विणकरच की."

"मंग?" आई म्हणाली.

वडिलांनी वर पाहिलं आणि पुन्हा धाग्यात मान घातली.

काका तिन्ही दिवस आत आले नाहीत. समोरच्या कडुनिंबाखाली छत्री टेकून बसायचे. आत बोलावलं तर म्हणाले, "फाटकात तुमचे अध्यक्ष आहेत, एक म्हातारा पुरे. मी दुसरा कशाला?" रविवारी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी शाबासकी दिली नाही. रांगेतल्या बायकांना पाणी विचारलं नाही, चपला एकाच ढिगात पडल्या, दोघी दुसऱ्याच्या चपला घालून गेल्या, असं ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. शेवटी म्हणाले, "एकही बाई फाटकावरून परत गेली नाही. मी पाहत होतो."

साड्या जवळजवळ सगळ्या गेल्या. पण मला सोसायटीची त्यानंतरची बैठक जास्त आठवते. सभासदांच्या यादीत घरटी एक नाव होतं, पुरुषाचं. आई त्या बैठकीला आली आणि दाराशी उभी राहून तिने अध्यक्षांना विचारलं, "याच्यात माह्यं नाव काहून नाही?" अध्यक्ष यादी चाळू लागले. वडील म्हणाले, "लिहा तिचं." पुढल्या सहा महिन्यांत आणखी अकरा बायकांची नावं लिहिली गेली. ती मीच लिहिली.

पुढची दोन प्रदर्शनं मी केली. तिसऱ्या वर्षी सोसायटीने माझ्या जागी एका पुरुषाला नेमलं, कारण माझं लग्न उमरेडला ठरलं होतं. त्याने माझी वही मागितली. मी दिली. काका त्याच उन्हाळ्यात मुलीबरोबर इंदूरला गेले. मी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले होते. गाडीला उशीर होता. त्यांनी तो सगळा वेळ फलाटावरचे हमाल गर्दीतून वाट कशी काढतात ते मला दाखवण्यात घालवला.